मिशी सुकेपर्यंत

—नाही, बोलू नका, मानही हलवू नका. हूं नाही, हां नाही, काही नाही. हा गोंद ओला आहे तोवर ओठ हलला की मिशी सरकली, आणि मिशी सरकली की तुम्ही माझ्यासारखे दिसायचं सोडून माझ्या मेहुण्यासारखे दिसाल — त्याची एक बाजू कायम खाली असते, माझ्या बहिणीशी लग्न केल्यापासून. दहा मिनिटं. पंधरा धरा, हवा दमट आहे. तुम्ही नाटकवाले, गप्प बसायचं म्हणजे तुम्हाला शिक्षाच, ठाऊक आहे मला. पण बसा. बोलायचं काम माझं. सगळी हयात लोकांना ह्या खुर्चीत बसवून बोलत आलोय, उलट उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

तर काय सांगत होतो — हां, नाक. आयुष्यात तोंडं किती रंगवली त्याचा हिशेब नाही. राजे केले, भिकारी केले, एका बाईला मेकअप करून तिच्या आईसारखी केली तर ती आरशात बघून तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण स्वतःचं तोंड दुसऱ्याच्या तोंडावर काढायची वेळ कधी आली नव्हती. सकाळपासून तीनदा पुसलं, तुम्ही बघितलंतच. तुमचं नाक फार सरळ आहे हो. माझं बघा — असं बाजूनं बघा — अर्ध्यात विचार बदलल्यासारखं आहे. आणि पोट? मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, किडकिडीत, पट्ट्याला खिळ्यानं जादा भोक पाडून घेतलेलं. तुम्ही आपले शॉटभर श्वास ओढून धरा. रागावू नका, चांगले दिसताय, माझ्यापेक्षा तर नक्कीच. बायकोला फोटो पाठवणार आहे मी तुमचा, म्हणणार आहे, बघ, असा होतो मी, तुझ्या लक्षात राहिलं नाही.

आणि हा सगळा खटाटोप कुणासाठी, तर आमच्या भोंग्यासाठी. भोंगा म्हणजे कोण ते ठाऊक नाही? अहो, तुमचे दिग्दर्शक साहेब — ते बाहेर हळूच बोलतात ना, इतकं हळू की कॅमेरावाल्याला कान पुढे करावा लागतो — तेच. नऊ वर्षांचा होता तेव्हा बोलायला लागला की स्टुडिओच्या फाटकावरचा वॉचमन आत वळून बघायचा. साउंडवाला रडकुंडीला यायचा. म्हणून भोंगा. त्याची मावशी कपडेपटात शिवणकाम करायची, आई नव्हती, बाप ट्रकवर — आठ-आठ दिवस लांब — म्हणून पोरगं मावशीबरोबर यायचं आणि कापडाच्या गठ्ठ्यावर झोपायचं. एक दिवस मोठे साहेब तिथून चालले होते — मोठे साहेब म्हणजे तेव्हाचे दिग्दर्शक, त्यांच्याच सिनेमाचं शूटिंग होतं — त्यांनी त्याला मावशीवर ओरडताना ऐकलं आणि म्हणाले, हा मुलगा मला पाहिजे. झालं. मावशी म्हणाली, घ्या, तेवढीच माझ्या कानांना विश्रांती.

तो सिनेमा तुम्ही बघितलाच असणार. सगळ्यांनीच बघितलाय. निदान पोस्टर तरी — लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसलेलं पोरगं, तोंड भरून रडतंय. डब्यांवर लागलं, वह्यांवर लागलं, माझ्या न्हाव्याच्या दुकानात अजून आहे. आज त्या शॉटच्या शूटिंगचाच सीन आहे ना तुमचा? — बोलू नका, बोलू नका, मला माहीत आहे. येताना सेट बघितला मी. जिना अगदी हुबेहूब केलाय, तिसरी पायरी वाकलेलीसुद्धा. मी तिथं जरा उभा राहिलो, मग म्हटलं, चला, गोंद काढून ठेवू. बरं, एक सहज विचारतो. ह्या भोंग्याची रीत तुम्हाला कळली असेलच, हा नटांना आधी काही वाचायला देत नाही, सकाळी ज्याच्या त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवतो, त्यात त्या दिवशीचं सगळं, आणि ती दुसऱ्याला दाखवायची नाही. तुमची ती खिशातून डोकावतेय. तर त्यात — म्हणजे त्या सीनमध्ये तुम्हाला, म्हणजे मला — पोराशी काही बोलायचं वगैरे आहे का? नाही, मिशी सुकू दे, मग सांगा. घाई काही नाही मला.

तर भोंगा. पुढं काय झालं, की त्या सिनेमानंतर जो तो म्हणायला लागला, रडणारा मुलगा पाहिजे, त्यालाच बोलवा. चार सिनेमे केले त्यानं. एकात हरवला म्हणून रडला, एकात सापडला म्हणून रडला. डोळ्यांत ग्लिसरीन घालायचो मी, दुसरं काय. तेराव्या वर्षी आवाज फुटला, गालावर पुटकुळ्या आल्या, आणि एका सोमवारपासून फोन यायचा बंद झाला. असाच बंद होतो तो, आधी कळवत नाहीत. मग मधली काही वर्षं कुठं होता म्हणाल, तर एका थिएटरात तिकिटं फाडायला. स्वतःचाच जुना सिनेमा परत लागला तेव्हा दारात उभं राहून त्यानं लोकांची तिकिटं फाडली आणि एकानंही ओळखलं नाही. हे तो स्वतः हसून सांगतो. मी नाही हसत त्याला. पुढं एडिटिंगच्या खोलीत कुणाच्या तरी हाताखाली लागला, आणि तिशी यायच्या आत, उसना कॅमेरा, अकरा माणसं, दोन खोल्यांची लाँड्री, एवढ्यात सिनेमा केला. दोन बहिणी इस्त्री करतात. सव्वा तास इस्त्री करतात. शेवटी एक म्हणते, मी जाते. संपला सिनेमा. मी थिएटरात उठून उभा राहिलो, मला वाटलं मध्यंतर झालं.

असे सात केले त्यानं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा केला, शाळेतल्या क्लार्कचा केला. कुणाचं देणं नको, कुणाची दादागिरी नको म्हणून मोठ्या माणसांच्या दारात कधी गेला नाही — मोठी माणसं बोलवायची, हा जायचा नाही. सिनेमे चालले म्हणाल तर नाही, त्याचा सिनेमा लागला की तिकीटबारीवरचा माणूस निवांत पेपर वाचून काढतो. पण बाहेरच्या देशात नावाजतात बरं का. एकदा पितळेचा पक्षी घेऊन आला बक्षिसाचा, चांगला शेरभर वजनाचा. घरी गेलात तर बघा, दार वाऱ्यानं आदळू नये म्हणून लावलाय.

आणि ह्या सातही सिनेमांत मेकअप मी केला. पडद्यावरच्या पाटीत नाव आहे माझं, स्वतंत्र, एकट्याचं. आता गंमत ऐका — त्याच्या सिनेमात मेकअपच नसतो. एक पावडरचा हात नाही. उलट नट घरून काही लावून आला तर ते पुसायचं काम माझं. पहिल्या दिवशी मी पेटी उघडून बसलो तर हा म्हणाला, दादा, राहू दे, तुम्ही नुसते बसा. म्हटलं, बसू म्हणजे? म्हणाला, कॅमेऱ्याच्या शेजारी, मला दिसाल असे. सात सिनेमे बसलो मी. घडीची खुर्ची तीन वेळा बदलली. लोक विचारायचे, हे कोण, तर सांगायचा, आमचे मेकअपदादा, आणि समोर नटीच्या नाकावर घाम. मला वाटायचं, म्हातारा झाला, काम कुणी देत नाही, म्हणून दया करतो पोरगं. बायको म्हणते, चांगलं मन आहे त्याचं, तुम्ही उगाच कोड्यात पडता.

आणखी एक बघा, तुम्ही ते लेख वाचले असतील. त्याच्या सिनेमात कुणी रडताना दिसत नाही. रडायची वेळ आली की माणूस पाठ फिरवतो, खिडकीकडे तोंड करतो, आपल्याला नुसते खांदे दिसतात. एका विद्वानानं त्यावर मोठा थोरला लेख लिहिला, पाठमोऱ्या माणसांचा दिग्दर्शक म्हणून. कसलं कसलं तत्त्वज्ञान काढलं त्यात. मी वाचून दाखवला त्याला, म्हटलं, आता पाठीला मेकअप करू का? तो हसला. मी पण हसलो. पण मी घरी गेलो तेव्हा जेवलो नाही नीट, कारण तो विद्वान काय लिहितो — मला माहीत आहे ना तो पाठ का फिरवायला लावतो. म्हणजे, असेल असं वाटतं. बघू, हलू नका, कोपरा धरलाय का. अजून जरासा ओला आहे.

त्या दिवशी काय झालं होतं, की सकाळपासून पोरगं रडेना. आनंदात होतं हो. बाप दहा दिवसांनी येणार होता संध्याकाळी, त्याला घेऊन जाणार होता. तर ते जिन्यावर बसून पाय हलवतंय, गातंय. मोठे साहेब आधी गोड बोलले, मग ओरडले — हा भोंगा, ओरडण्याला काय भितोय. मग मला म्हणाले, घाल ग्लिसरीन. तेव्हा मी मेकअपचा हेड नव्हतो बरं का, तिसरा होतो, स्पंज धुणारा. हेड आजारी म्हणून माझ्या हातात काम. मी घातलं. पाणी आलं पण ते नुसतं पाणी, कॅमेऱ्यात कळतं. परत घातलं. परत. दुपारपर्यंत डोळे लाल झाले त्याचे, चोळायला लागला, म्हणाला, दादा, झोंबतंय. हे बघा, मी त्याच्या डोळ्यांचाच विचार केला, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. अजून दोन थेंब घातले असते तर काय झालं असतं कोण जाणे. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. आणि उजेड चालला होता, आणि मोठे साहेब खुर्चीवरून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मला आज जो कुणी हा शॉट देईल तो पुढच्या सिनेमापासून माझा माणूस.

हे शेवटचं मी कुणाला सांगत नाही. बायकोलाही नाही सांगितलं.

आता खुर्चीचं तुम्हाला माहीत आहे. माणूस ह्या खुर्चीत बसला, मान मागे टाकली, डोळे मिटले, की बोलतो. काय वाट्टेल ते बोलतो. नवऱ्याला न सांगितलेलं बायका मला सांगतात. ते पोरगंही बोलायचं — आणि मजा म्हणजे इथं हळू बोलायचं, एरवीचा भोंगा नाही. एकदा डोळे मिटून म्हणालं, दादा, बाबा मला एक दिवस इथंच ठेवून जातील. म्हटलं, वेडा आहेस का. म्हणालं, नाही, मावशीच्या घरी जागा नाही आणि ट्रकमध्ये लहान मुलं नेत नाहीत, मी ऐकलंय. कुणाला सांगू नका. म्हटलं, नाही सांगणार. आणि नाही सांगितलं मी कुणाला. त्यालाच सांगितलं.

मी साहेबांना म्हटलं, कॅमेरा चालू ठेवा. गेलो, त्याच्यासमोर उकिडवा बसलो, आणि कानात म्हटलं, ‘बाबा आले होते. तुझी पिशवी ठेवून गेले. आता तू इथंच राहायचं.’

एवढंच. फार नाही बोललो. पण त्यानं लगेच रडायला सुरुवात नाही केली, हे पोस्टरवर नाही, हे फक्त मला माहीत आहे. आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड वाचलं त्यानं — दादा थट्टा करतायत का, कुठं हसू आहे का, डोळ्यात, मिशीखाली. मी नेहमी थट्टा करायचो ना त्याची. त्याला फक्त एवढंसं हसू सापडायला हवं होतं. आणि मी तोंड हलणार नाही असं धरून ठेवलं. चांगलं धरलं. मग मी बाजूला झालो, आणि मग जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय.

शॉट झाला, टाळ्या पडल्या, तरी ते थांबेना. मी धावत गेलो, खोटं होतं रे, गंमत केली — पण आता कोण विश्वास ठेवतो. तासभर फाटकाला धरून उभं होतं. बाप आला, त्याला खांद्यावर घेतलं, म्हणाला, काय रे, एवढं काय. त्यानं बापाला सांगितलं नाही. मावशीला नाही. मोठे साहेब पुढं आयुष्यभर मुलाखतींमधून सांगत राहिले, मी त्या मुलाच्या काळजाशी बोललो. बोला म्हटलं. मी पुढच्या सिनेमाला हेड झालो. नवी पेटी आली, ही काय, हीच. आणि ते पोरगं दुसऱ्या दिवशी ह्या खुर्चीत येऊन बसलं, मान मागे टाकली, पण डोळे नाही मिटले. उघडेच ठेवले. पावडर लावताना मी म्हटलं, मिट रे, जाईल डोळ्यात. नाही मिटले. आणि आवाज — तो तेराव्या वर्षी फुटला असं लोक म्हणतात. मला विचाराल तर तो त्या दिवशीच बसला.

ह्या विषयावर आमच्यात आजवर एक शब्द नाही. पस्तीस वर्षं. कुणी विचारलं तर तो म्हणतो, लहान होतो, आठवत नाही. मी म्हणतो, बरोबर आहे, मुलं विसरतात. किंवा त्याला वाटत असेल, दादांना मोठ्या साहेबांनी बोलायला लावलं असेल. तसंही वाटू शकतं. आणि आता हा उठून त्यावरच सिनेमा काढतो, आणि त्यात मेकअपवाला, आणि मलाच म्हणतो, दादा, ह्यांना तुमच्यासारखं करा. आता तुम्ही सांगा मला झोप कशी लागावी. म्हणून विचारतोय की त्या चिठ्ठीत काय आहे. मी बोलतो असं आहे की साहेब बोलतात असं आहे? एवढंच सांगा. आणि तिकडे ते दुसरं पोरगं बसलंय, आजचं, बिस्किटं खातंय, त्याच्या कानात तुम्ही खरोखरच जाऊन तसलं काही बोलणार असाल तर मी आत्ताच सांगतो, मी ही मिशी उपटून काढीन. माझी आहे ती.

काय? बोला ना. सुकली केव्हाच, मला कळत नाही होय, मीच लांबवत होतो. बोला.

गप्प राहायचं होतं म्हणजे? कुणी सांगितलं होतं?

आणा इकडे ती चिठ्ठी. चष्मा — थांबा, इथंच होता. ‘मुलाची पाठ कॅमेऱ्याकडे. मेकअपवाला त्याच्यासमोर उकिडवा बसतो, कानात बोलतो, मग त्याच्याकडे बघत राहतो. चेहरा मेकअपवाल्याचा दिसेल, मुलाचा नाही.’ बरं. ‘काय बोलला, कसा बघत होता, हे मला लिहिता येणार नाही. सकाळी दादांच्या खुर्चीत बसा आणि गप्प राहा. ते सांगतील. नाही सांगितलं तर त्यांना विचारू नका, हा सीन आपण करणार नाही.’

आणि हे काय आहे खाली, बारीक लिहिलंय — ‘मुलाला त्यातलं काही ऐकवायचं नाही. त्याच्या कानात एक ते दहा आकडे म्हणा. त्याला आधी सांगून ठेवलंय.’

आकडे.

एक ते दहा. एवढं सोपं होतं होय. पोराची पाठ कॅमेऱ्याकडे करायची आणि आकडे म्हणायचे. मला का नाही हो सुचलं. बत्तीस वर्षांचा होतो मी, लहान नव्हतो.

नाही, ठीक आहे मी. तुम्ही उभे राहा, कॉलर नीट करू दे. हं. दार वाजतंय, बोलावतायत तुम्हाला. काय म्हणता, मला पण? कॅमेऱ्याशेजारी बसायला नाही? मग कुठं — त्याच्या स्वतःच्या शेजारी? असं म्हणाला तो? बरं. तुम्ही व्हा पुढं. सांगा त्याला, दादा येतायत म्हणावं. तोंड धुऊन येतो मी. व्हा तुम्ही, आणि दार ओढून घ्या.